भीमेत सोडलेला नारळ

दौंड
मार्गशीर्ष

प्रिय बाय,

तारली आली!

काल संध्याकाळी हे ड्यूटीवरून परतले ते हातात करंडी घेऊनच. लक्ष्मणभाऊजींनी मालवणहून धाडलेली. मोटारीनं कोल्हापूर, तिथून पुणं, आणि पुण्याहून एका गार्डाकडून दुसऱ्या गार्डाकडे करत आमच्या दारात. वरचं गोणपाट सोडायच्या आधीच सगळ्या रेल्वे चाळीला कळलं की आज कुणाकडे काय आलंय. आत मीठ लावून सुकवलेली तारली, एकीवर एक, अजून पोटाकडून चकाकणारी.

करंडीबरोबर तोंडी निरोप होता. तोंडातोंडी फिरत आला तरी एक शब्द बदलला नाही. "बायक सांग, तारली इली."

बायला सांग! मागच्या माघात याच घरातून तुम्हाला खांद्यावर नेलं ते भाऊजींनीच. ते काय विसरलेत? नाही. पण तीन-चार वर्षं ज्या माणसाला हे एक वाक्य सांगायचं म्हणून जीव अडकून राहतो, ते माणूस गेलं तरी निरोप त्याच्याच नावानं निघत असेल. ह्यांनी निरोप सांगून करंडी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आता तूच सांग तिला. तुझंच ऐकायची ती."

म्हणून हे पत्र, बाय.

तुम्ही पहिल्यांदा दौंडला आलात तो दिवस आठवतो. सासरे गेल्यावर ह्यांनी हट्टानं तुम्हाला इकडे आणलं होतं. ट्रंक खाली ठेवून तुम्ही दारात उभ्या राहिलात, तोंड वर केलंत आणि ओठांवरून जीभ फिरवलीत. "काय गो, हंय वारो खंयसून येता?" मी म्हटलं, पश्चिमेकडून. तुम्ही पुन्हा ओठ चाटलेत आणि तोंड वाकडं केलंत. "मीठ नाय त्यात. नुसतो कोळसो!"

खरंच होतं ते. इंजिनांचा धूर दिवसभर चाळीवरून जायचा. पण तुम्ही मात्र रोज सकाळी त्या वाऱ्याची चव घेऊन बघत होतात, जसं कुणी शेजारच्या घरी डोकावून सगळे उठले का ते पाहतं.

शिरूरच्या माळ्याची मुलगी मी. मला तोवर मासळी म्हणजे बाजारातली सुकटाची पाटी, तीही लांबूनच. आमच्या लग्नानंतर आप्पा बराच काळ माझ्याशी बोलले नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, आणि मुलगी गेली मासे धरणाऱ्यांच्या घरात! त्यांना दौंडच्या या घराची पायरी चढायला लावली ती तुम्हीच. तुम्ही गावाहून मासळीच्या खताचं एक पोतं मागवलंत आणि शिरूरला पाठवून दिलंत. तिकडे रापणीत, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, तारली इतकी यायची की खाऊन, विकून, सुकवून उरलेली वाळूवर पसरून तिचं खत व्हायचं. आप्पांनी ते नाक मुठीत धरून वांग्यांना घातलं. पुढच्या महिन्यात ते स्वतः वांग्यांची पाटी घेऊन दारात.

"विहीणबाई," म्हणाले, "म्या माळकरी माणूस, मासं शिवणार न्हाई. पर माझी वांगी मासं खात्यात, त्यांना कोण अडवणार?"

तुम्ही किती हसलात! आप्पांना तुमचं बोलणं निम्मं कळायचं, तुम्हाला त्यांचं निम्मं. त्या निम्म्यानिम्म्यात तुमची दोघांची मैत्री झाली.

आणि तो नारळ. दर श्रावणात पौर्णिमेला तुम्ही नारळाला सोनेरी कागद लावायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि मला बरोबर घेऊन भीमेवर जायच्या. भीमा तेव्हा गढूळ, भरून वाहणारी. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या.

"आवो म्हातारबाई, आज राखीचा सण. हितं कुठला समुंदर लागून गेलाय?"

"पाणी जाता मा थंय?" तुम्ही ठसक्यात विचारायच्या. "मगे नारळ पण जातलो."

त्या हसायच्या, तुम्हीही हसायच्या. नारळ पाण्यात सोडून तो दिसेनासा होईपर्यंत हात जोडून उभ्या राहायच्या. तिकडे मालवणच्या तुमच्या वाडीत भाऊजी त्याच वेळी समुद्राला नारळ देत असतील, या हिशेबानं तुमचे ओठ हलत असायचे. मला तो दिवस फार आवडायचा. घरी परतताना तुम्ही रापणीच्या गोष्टी सांगायच्या. होडीतून जाळं समुद्रात अर्धचंद्रासारखं टाकायचं, आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांना सगळी वाडी दोराला लागायची. म्हातारे, पोरंबाळं, पोटुशी बाईसुद्धा. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीत वाटा. "दर्या कोणाक नाय म्हणणा नाय," तुम्ही म्हणायच्या.

मग एका वर्षी समुद्रानं नाही म्हटलं.

दिवाळी गेली, करंडी आली नाही. वाटलं, उशीर झाला असेल. पुढच्या वर्षीही नाही. भाऊजी कळवायचे, रापण टाकतो, ओढतो, आणि जाळ्यात शेवाळ येतं. लोक मुंबईला चाललेत, गिरणीत, गोदीत. दोराला लागायला हात उरले नाहीत. तुम्ही ऐकायच्या आणि भाजी निवडत राहायच्या. तुमची होडी, सासऱ्यांनी बांधून घेतलेली, माडाच्या झावळ्यांखाली झाकून ठेवल्याचं ऐकलंत तेव्हा मात्र तुमचा हात थांबला.

आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात विमलच्या वर्गात नकाशे आले.

तुमची नात भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. भीमेच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवत निघाली, दौंड, मग पंढरपूर, मग कृष्णा. बोट पुस्तकाच्या उजव्या कडेपर्यंत गेलं आणि तिनं मान वर केली. "आजी, आपली भीमा तुमच्या समुद्राला जातच नाही! ती इकडे जाते, पूर्वेला. हा दुसराच समुद्र आहे."

तिला वाटलं, आजीला गंमत वाटेल. तुम्ही पुस्तक हातात घेतलंत. अक्षरं तुम्हाला येत नव्हती, पण रेघ कळत होती. तुम्ही तिच्यावरून तुमचं जाड, दोरानं घट्टे पडलेलं बोट नेलंत. एकदा, पुन्हा एकदा. दोन्ही वेळा ते उजवीकडेच गेलं.

"इतकी वर्सां," तुम्ही हळूच म्हणालात, "माझो नारळ परक्या दर्याक गेलो."

त्या श्रावणात तुम्ही घाटावर गेला नाहीत. मी नारळ आणला होता, तो तसाच कोनाड्यात राहिला. आणि एका दुपारी पापड लाटता लाटता माझ्याकडे न बघता तुम्ही ते बोललात. "म्हणान तो रुसलो गो. माझ्या दर्याचो मान मी दुसऱ्याक दिलंय. तारली माझ्यामुळे गेली."

मी काय म्हणणार होते, बाय? तसं काही नसतं म्हटलं. पण "मग कसं असतं?" हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी पुढचा पापड लाटायला घेतला. शाळेत मी मराठी शिकवते. समुद्राबद्दल मला काय ठाऊक? एका अख्ख्या वाडीची उपासमार तुम्ही आपल्या पदरात बांधून घेतली होती आणि मला ती गाठ सोडवता येत नव्हती. तुमचं जेवण कमी झालं. सकाळची वाऱ्याची चव घेणंही सोडलंत.

तशातच लक्ष्मणभाऊजी दौंडला आले. ह्यांनी खटपट करून त्यांना लोको शेडमध्ये खलाशी म्हणून चिकटवलं. इंजिनातली राख काढायची, कोळसा भरायचा. समुद्रावर काळवंडलेला तो माणूस इथे निराळ्याच रंगानं काळा व्हायला लागला. होडीला मालवणात गिऱ्हाईक आलं होतं. मोडून लाकूड नेणार होता तो.

"बाय, शेवाळ ओढून पोट भरणा नाय," भाऊजी म्हणाले. "देऊन टाकतंय होडी."

तुम्ही हो म्हटलं नाहीत, नाहीही म्हटलं नाहीत. पूर्वीच्या बायनं त्यांना चार शिव्या घातल्या असत्या. ज्या बाईला वाटतं आपल्यामुळेच मासळी गेली, ती कोणत्या तोंडानं म्हणणार की होडी ठेव?

पुढच्या वर्षीच्या आषाढातली ती दुपार तुम्हाला तर आठवतच असेल. पुढे रुळांचं काम चाललं होतं म्हणून मद्रासकडची गाडी दौंडला अडकून पडली होती. ह्यांनी प्लॅटफॉर्मवर एक गृहस्थ पाहिले. लाकडी खोक्यावर बसलेले, कुणाला त्याला हात लावू न देणारे. खोक्यात काय म्हणून विचारलं तर म्हणाले, समुद्राचं पाणी. ह्यांनी त्यांना खोक्यासकट घरी आणलं! दौंडसारख्या गावात समुद्राचं पाणी घेऊन फिरणारा माणूस सापडावा आणि आपल्या आईकडे नेऊ नये, हे ह्यांना जमलंच नसतं.

ते निघाले कारवारचे. समुद्राची पाहणी करणाऱ्या जहाजावर काम करायचे. त्यांनी कोकणीत "आवय", म्हणजे आई, अशी हाक मारली आणि तुम्ही कितीतरी दिवसांनी पदर सावरून पुढे येऊन बसलात. नेमके आप्पाही कांदे घेऊन आलेले होते. भाऊजी शेडमधून नुकतेच येऊन दारात पाय धूत होते. बाहेर वारा असा सुटला होता की दोरीवरची चादर दोनदा अंगणाबाहेर गेली.

तुम्ही एक बाटली मागून घेतलीत. उघडू नका, त्यांनी विनवलं, तपासायची आहे. तुम्ही ती उजेडाकडे धरलीत. मग एकदम विचारलंत, "तारली कित्याक गेली?"

मला माहीत होतं, तुम्ही त्या माणसाला कशाबद्दल विचारताय ते.

त्यांनी घाई केली नाही. समुद्राचं वरचं पाणी उन्हानं तापलेलं असतं, म्हणाले, आणि खालचं थंड. मेलेलं, कुजलेलं सगळं खाली बसतं, म्हणजे खत तळाशी. वर ऊन आहे पण खत नाही. खाली खत आहे पण ऊन नाही. मग पावसाळ्याचा वारा सुटतो. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं, खत घेऊन. त्यावर डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती उगवते, आणि तारली ती खाते.

आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी वारा समुद्राची नांगरट करतोय म्हणा की! खालची माती वर!"

ते गृहस्थ आप्पांकडे बघतच राहिले. "अगदी तसंच. आणि तो वारा म्हणजे हाच," त्यांनी दाराबाहेर उडणाऱ्या चादरीकडे बोट दाखवलं. "समुद्र नांगरून मगच तो इथे येतो."

"मग ही दोन-तीन सालं नांगर अडला कुठं?" आप्पा म्हणाले. "आन् विहीणबाईंच्या मासळीवाचून माझी वांगी उपाशी मेली, त्याचं काय?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग त्यांनी सांगितलं की काही वर्षी वारा अशक्त येतो किंवा उशिरा येतो, पाणी उलथतच नाही. काही वर्षी उलट होतं, तळाचं गुदमरलेलं पाणी फार वर येतं आणि मासळी श्वासासाठी दूर पळते. त्या वाऱ्याचं बळ कशावर ठरतं? तर कुठल्या कुठल्या समुद्रांच्या तापण्या-निवण्यावर. जगाच्या पार दुसऱ्या टोकाला पेरू नावाचा देश आहे. तिथे काही वर्षांनी नाताळच्या सुमाराला पाणी तापतं, मासळी नाहीशी होते, आणि पुन्हा थंड झालं की परत येते. त्याचं आपल्या पावसाशी नातं असावं असं काही जाणत्यांना वाटतं. "सध्या कितीतरी देशांची जहाजं आपल्या समुद्रात फिरून मोजमापं घेताहेत, आवय. अजून पुरतं कळलेलं नाही. पण माझ्या आजोबांच्या काळातही तारली अशीच गेली होती. लोक म्हणाले, संपली. मग परत आली."

"कवा?" आप्पांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही. सांगितलं तर खोटं होईल."

मला तो माणूस तिथेच आवडला.

"आमच्या शिरूरलाबी हेच की," आप्पा तुमच्याकडे वळून म्हणाले. "चार सालं पाऊस पडतो, मग दडी मारतो. तवा काय समद्या शिरूरनं पाप केलं व्हय? विहीणबाई, तुमच्या एका नारळानं एवढा मोठा वारा अडला आसता, तर म्या तुम्हाला रोज चार नारळ आणून दिलं आसतं, पाऊस पाडायला!"

तुमच्या मनातलं ते आप्पांना कुणी सांगितलं? मी नव्हतं सांगितलं. मला वाटतं, त्यांना तुमचं निम्मं नाही, सगळंच कळत होतं.

पण तुमचं तोंड उघडलं ते विमलमुळे. ती नकाशा घेऊन पुढे आली आणि त्यांना विचारलं, "हे दोन समुद्र वेगळे आहेत ना?" त्यांनी तिची पेन्सिल घेतली. म्हणाले, कागदावर नावं दोन, पाणी एकच. आणि आपल्याकडे वाऱ्याबरोबर समुद्रातले प्रवाहही सहा महिन्यांनी उलटे फिरतात. पावसाळ्यात एका दिशेनं, दिवाळीनंतर दुसऱ्या. थंडीच्या दिवसांत पूर्वेच्या समुद्राचं पाणी, नद्यांनी गोडसर झालेलं, खाली उतरतं, लंकेला वळसा घालतं आणि आपल्या किनाऱ्यानं वर चढतं. केरळ, कारवार, आणि वर. पेन्सिलीची रेघ वळत वळत आली आणि मालवणाजवळून पुढे गेली.

तुम्ही बोट ठेवलंत. दौंडपासून उजवीकडे, खाली, वळसा घालून, वर. बोट मालवणावर थांबलं.

"म्हणजे माझो नारळ..."

"नारळाचं नाही हो सांगत, आवय," ते हसून म्हणाले. "मी पाण्याचं सांगतोय."

"पाणी गेला तर झाला," तुम्ही म्हणालात. आणि मग तुम्ही दाराकडे वळून भाऊजींवर असा आवाज चढवलात की चाळीतली कुत्री उठली. "लक्ष्मणा! होडयेक हात लावशीत तर बघ! तुझ्या बापाशीन बांधलेली ती. आणखी एक दर्या बघ. मगे काय ता कर."

एक दर्या म्हणजे समुद्रावरचा एक हंगाम, हे मला तेव्हा कळलं.

भाऊजी पाय धुवायचे थांबले. "आणि नाय इली तर?"

"तर हयसर कोळसो खंय संपलो आसा?"

त्या श्रावणात आपण पुन्हा घाटावर गेलो. त्याच बायका, तीच गढूळ भीमा. एकीनं विचारलंच, "काय म्हातारबाई, सापडला का समुंदर?" तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, "गावलो. लांबसून जातलो, पण पोचतलो." मग नारळ सोडलात. भाऊजी त्याच आठवड्यात रजा टाकून मालवणला गेले. मनापासून नाही गेले. तुमच्या धाकानं गेले.

त्या वर्षी तारली आली नाही. पण तुम्ही पूर्वीसारख्या जेवू लागल्या होत्या. सकाळी दारात उभं राहून ओठांवरून जीभ फिरवत होतात. "आज मीठ लागता हां थोडा," असं एकदा म्हणालात, आणि मी तुम्हाला खोटं पाडलं नाही. पौषात खोकला लागला, भाऊजी मालवणहून धावत आले. माघात तुम्ही गेलात.

एवढी घाई काय होती, बाय? मुलाला म्हणालात एक दर्या बघ, आणि स्वतः मात्र थांबला नाहीत! तुमचे दिवस करून भाऊजी उठले तेव्हा मला वाटलं, आता होडी जाणार. वाडीतल्यांनाही तसंच वाटलं. पण जाताना ते म्हणाले, "तिचो शब्द मोडूक जमणा नाय, वयनी. एक दर्या झालो. आता तिच्या नावान आणखी एक."

त्या दुसऱ्या दर्याची ही करंडी आहे.

करंडीबरोबर हातोहात आलेलं बाकीचंही गार्डानं ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला. वाडीत आता दोराला हात लागताहेत. मुंबईला गेलेल्यांतले काही परतले. वाळूवर पुन्हा तारली वाळतेय आणि वाडीभर तो वास आहे. ऐकताना मला तुमची होडी दिसत होती, झावळ्या काढलेली, पाण्यात असलेली. त्या गिऱ्हाइकानं ती मोडून चुलीत घातली असती तर काल आलेल्या मासळीला आणायला कोण गेलं असतं?

आज सकाळी मी तारली तुमच्यासारखी भाजायला गेले. जळली. विमल म्हणाली, आजीची अशी व्हायची नाही. तरी तिनं ताट चाटून पुसून घेतलं. भाऊजींना कळवून खताचं एक पोतं आप्पांना पाठवायला सांगीन म्हणते. हल्ली ते फार थकलेत, पण खताचा वास आला की उठून बसतील.

मला माहीत आहे, ही मासळी कायमची आलेली नाही. कारवारच्या त्या गृहस्थांनी सांगितलं होतं तसं कधीतरी वारा पुन्हा कमी पडेल, पाणी उलथणार नाही, भाऊजींच्या जाळ्यात पुन्हा शेवाळ येईल. तेव्हा वाडीत पुन्हा कुणीतरी म्हणेल, संपलं. कुणीतरी बाई पुन्हा आपलंच काही चुकलं म्हणून जेवण टाकेल. तिला सांगायला तुम्ही नसाल. मी असेन, नाहीतर विमल असेल. तिनं तो पेन्सिलीच्या रेघेचा नकाशा अजून जपून ठेवलाय.

मी तुम्हाला शब्द देते, बाय. येत्या श्रावणात मी घाटावर जाईन. सोनेरी कागद लावून तुमच्या नावाचा नारळ भीमेत सोडीन, आणि बायका हसल्या तर तुमच्यासारखीच कमरेवर हात ठेवीन. तारली आली म्हणून फक्त याच वर्षी नाही. ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी तर नक्कीच.

लांबची वाट आहे. पण पोचेल.

तुमची सून,
शालन